पोहता येत नसलं तरी चालेल. पण शिकवणाऱ्याला काय काय यावं लागतं?

पावसाळा सरला की कळंगुट-बागाच्या रस्त्यावर स्कुबाच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्राखाली उतरण्याच्या, पाट्या पुन्हा उभ्या राहतात. 'ग्रँड आयलंड ट्रिप. डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, स्कुबा, फोटो-व्हिडिओ, जेवण सगळं धरून.' खाली ठळक अक्षरांत, 'पोहता येत नसलं तरी चालेल'. त्याच गोव्यात एखाद्या डायव्ह सेंटरमध्ये चौकशी केली, तर आधी तब्येतीचा फॉर्म पुढ्यात येतो. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, हृदयाचं काही औषध चालू आहे का. मग सांगतात, कोर्स करायचा तर तीन-चार दिवस लागतील. आणि रक्कम? पाटीवरच्या आकड्याच्या कित्येक पट.

समुद्र तोच, सिलिंडर तसाच. मग हा दुसरा माणूस लुबाडतोय का? दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला आलेले बहुतेक पाहुणे मला हेच विचारतात, आणि विचारतानाच त्यांचं उत्तर ठरलेलं असतं.

माझं मत सांगतो. स्कुबामध्ये पैसे मोजायचे असतात ते तुमच्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्या माणसासाठी. तो काय करतो हे वरून पाहताना कळत नाही, कारण त्याचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही. ते समजून घ्यायला आधी पाण्याखाली शरीराचं काय होतं ते पाहू. विज्ञान दहावीच्या पुढचं लागत नाही.

पाणी दाबतं म्हणजे काय?

किनाऱ्यावर उभे असताना आपल्या अंगावर हवेचा दाब असतोच. त्याला एक वातावरण म्हणतात. समुद्रात दर 10 मीटर खोलीला तेवढाच दाब आणखी वाढतो. म्हणजे 10 मीटरवर दुप्पट, 20 मीटरवर तिप्पट, 30 मीटरवर चौपट. हाडामांसाला त्याचं फारसं काही वाटत नाही, कारण शरीर बहुतांशी पाण्याचं आणि पाणी दाबून लहान होत नाही. प्रश्न येतो तो जिथे जिथे हवा आहे तिथे: कानाचा पडदा आणि त्यामागची पोकळी, सायनस, फुप्फुसं, आणि डोळ्यांवरच्या मास्कच्या आत.

रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो: दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं. काही इन्स्ट्रक्टर हे प्रत्यक्ष दाखवतात. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली बूच घट्ट लावून खाली नेतात. 10 मीटरवर पोचेपर्यंत ती चेपून निम्मी झालेली असते. मग तिथेच बूच काढून, बाटली उलटी धरून, रेग्युलेटरमधली, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणाऱ्या यंत्रातली, हवा तिच्यात भरतात आणि पुन्हा बूच लावतात. बाटली परत गोल गरगरीत. आता वर यायला लागलं की ती हातात टणक होत जाते, आणि पाण्यावर आल्यावर बूच जरा सैल केलं तरी फस्सकन हवा सुटते. तीच हवा, तीच बाटली. बदलली ती फक्त खोली.

खाली जाताना कानाला दडा बसतो तो याच कारणाने. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, आणि दुखायला लागायच्या आधी ढकलायची. याला इक्वलाइज करणं म्हणतात. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर हे जमत नाही. त्या दिवशी बोटीवर बसून माशाची कढी खावी, पाण्यात उतरू नये.

'आम्ही कुठे खोल जाणार? पाच-सहा मीटर तर आहे!'

हा युक्तिवाद मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे आणि तो नेमका उलटा आहे. 30 मीटरवरून 20 मीटरवर आलं, तर दाब चारपटीवरून तिपटीवर येतो, म्हणजे फुप्फुसातली हवा एक तृतीयांशाने फुगते. 10 मीटरवरून पाण्यावर आलं तर ती दुप्पट होते. वर-खाली अंतर तेवढंच, पण फुगवटा तिप्पट. हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा बदल वरच्या थरात होतो, आणि नवख्या माणसाला नेतात तेही त्याच थरात.

आता असं धरा, की एक गृहस्थ पाच मीटरवर आहेत. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं, नाकाला झोंबलं, भीती वाटली. अशा वेळी माणूस दोन गोष्टी आपसूक करतो: श्वास कोंडतो आणि वरच्या उजेडाकडे झेप घेतो. सिलिंडरमधून घेतलेली दाबाची हवा छातीत कोंडलेली, आणि वर येता येता ती दीडपट व्हायला निघालेली. फुप्फुसाचा नाजूक पापुद्रा तेवढा ताण सोसत नाही. तो फाटला तर हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोचू शकतात. छाती पूर्ण भरलेली असेल तर मीटर-दीड मीटरची झेपही पुरते. स्विमिंग पूलमध्येसुद्धा हे होऊ शकतं.

म्हणून स्कुबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहा, सोडत राहा.

गंमत अशी, की पट्टीच्या पोहणाऱ्याची सवय इथे आड येते. त्याने आयुष्यभर श्वास कोंडून बुडी मारलेली असते. त्याचं तेव्हा काही बिघडत नाही, कारण त्याने हवा वरून घेतलेली असते. ती खाली आकसते आणि वर येताना मूळ आकाराला येते, त्याहून जास्त फुगत नाही. सिलिंडरची हवा खाली घेतलेली असते, हा सगळा फरक. 'पोहता येत नसलं तरी चालेल' हे पाटीवरचं वाक्य त्यामुळे निव्वळ थाप नाही. पहिल्या अनुभवाला पोहण्याची अट खरोखरच नसते. पण मग त्या माणसाची सगळी जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी पडते, आणि ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो

वर्तमानपत्रांतही 'ऑक्सिजन सिलिंडर' असंच छापून येतं. असते ती साधी हवा, गाळून, कोरडी करून, कॉम्प्रेसरने ठासून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर तो विषासारखा वागतो, फेफरं येऊ शकतं.

नेहमीच्या सिलिंडरचं पोट साधारण 11 लिटरचं, आणि त्यात 200 बार (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे 2200 लिटर. शांत माणूस वर मिनिटाला 20 लिटर घेतो असं धरलं, तर 10 मीटरवर दुप्पट दाबामुळे 40 लिटर लागते. 50 बार शिल्लक ठेवून वर यायचं असा दंडक आहे, तेव्हा उरली साधारण 40 मिनिटं. घाबरलेला माणूस याच्या निम्म्या वेळात काटा खाली आणतो. श्वास मागितला की त्या खोलीवर असेल तेवढ्याच दाबाची हवा देणारा रेग्युलेटर जॅक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंच माणसांनी 1943 मध्ये जमवला. आजचं यंत्र त्याच तत्त्वावर चालतं.

हवेत चार भागांपैकी तीनहून जास्त भाग नायट्रोजन. वर तो आत जातो, बाहेर येतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दाब वाढला की मात्र तो रक्तात आणि चरबीत विरघळू लागतो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका जास्त. सोड्याच्या बाटलीचं झाकण हळूहळू फिरवलं तर गॅस निमूट निघून जातो, झटक्यात उघडलं तर फेस अंगावर येतो. शरीरातही तसंच. सावकाश वर आलं तर नायट्रोजन फुप्फुसावाटे बाहेर पडतो, घाईने आलं तर सांध्यांत, मज्जारज्जूत बुडबुडे धरतात. याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. टप्प्याटप्प्याने वर यायचं वेळापत्रक जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने 1908 मध्ये प्रसिद्ध केलं. आज मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर ते गणित दर सेकंदाला करतो, आणि बहुतेक डायव्हर वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात.

दाबोळी, मोपा आणि आंबोली

इथे जरा जास्त थांबतो, कारण आपल्याकडच्या पर्यटकांच्या हातून हे हमखास होतं. डायव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही. वर हवेचा दाब कमी असतो, आणि अंगात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे धरू शकतो. सर्वमान्य नियम असा: एकच डायव्ह केला असेल तर किमान 12 तास, एकाहून जास्त डायव्ह किंवा ओळीने काही दिवस केले असतील तर किमान 18 तास. सकाळी समुद्र आणि संध्याकाळी दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावरून मुंबई, हा बेत त्यात बसत नाही.

विमानाचं निदान सांगितलं तरी जातं. घाटाचं कुणी सांगत नाही. नियमाच्या हिशेबात साधारण 600 मीटरच्या वरची उंची धरतात. आंबोली सुमारे 690 मीटर. बेळगाव साडेसातशेच्या आसपास. म्हणजे दोन डायव्ह करून, दुपारी जेवून, गाडी काढून आंबोलीने कोल्हापूरला किंवा चोर्ल्याने बेळगावला निघालेला माणूस त्या उंचीवर तीन-चार तासांत पोचतो, आणि खिडकी उघडी ठेवून वाफाळता चहा पितो. पाच मीटरवर पंधरा मिनिटं घालवलेल्याच्या अंगात नायट्रोजन अगदी थोडा असतो, त्याने काळजीने अर्धमेलं व्हायचं कारण नाही. पण कोर्स करणाऱ्यांनी, विशेषतः 18 मीटरपर्यंत जाऊन आलेल्यांनी, परतीचा दिवस एकाने पुढे ढकलावा. गोव्यात आणखी एक रात्र काढायला कुणाची ना असते?

मग इन्स्ट्रक्टर कसा घडतो?

जगभर हे शिक्षण खासगी संस्था ठरवतात. पॅडी ही अमेरिकेतली संस्था 1966 पासूनची, एसएसआय 1970 ची. आपल्याकडे ही दोन नावं जास्त ऐकू येतात. पॅडीची पायरी सांगतो, बाकीच्यांचीही फार वेगळी नाही.

पाटीवरची डुबकी म्हणजे डीएसडी (डिस्कव्हर स्कुबा डायव्हिंग), फक्त अनुभव. वय किमान 10, खोली जास्तीत जास्त 12 मीटर, प्रमाणपत्राचं कार्ड मिळत नाही. त्यापुढे ओपन वॉटर: थिअरी, पूलमधले धडे, समुद्रात चार डायव्ह, आणि इथे मात्र 200 मीटर पोहून दाखवावं लागतं. मग 18 मीटरपर्यंतची मुभा. ॲडव्हान्स्ड केलं की 30 मीटर. नंतर रेस्क्यू, तिथे पहिल्यांदा स्वतःला सोडून दुसऱ्याकडे पाहायला शिकवतात. मग डायव्हमास्टर, म्हणजेच डीएम: वय 18, नोंदवलेले 60 डायव्ह. डीएम हा धंद्यातला पहिला हुद्दा. त्याने कार्डधारकांना फिरवून आणावं. नवख्याला समुद्रात पहिल्यांदा खाली नेणं हे इन्स्ट्रक्टरचं काम.

इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसायला 100 डायव्ह लागतात, आणि पहिलं कार्ड मिळून सहा महिने उलटलेले असावे लागतात. त्याआधी आयडीसी, म्हणजे इन्स्ट्रक्टर घडवण्याचा कोर्स. तो घेतो कोर्स डायरेक्टर, शिक्षकांचा शिक्षक. परीक्षा मात्र तो घेत नाही. संस्था बाहेरून परीक्षक पाठवते. शिकवणारा एक, तपासणारा दुसरा. साधी गोष्ट, पण आपल्याकडच्या कितीतरी क्लासेसना घेण्यासारखी.

आयडीसीला येणाऱ्याला वाटतं, की आता आणखी चांगलं डायव्हिंग शिकवतील. ते येतं असं गृहीतच असतं. शिकवतात ते शिकवायला.

पूलमधला एक तास पाहा. म्हापशाचा एक पोरगा, उमेदवार, गुडघ्यांवर बसून मास्कमधलं पाणी कसं काढायचं ते दाखवतोय. पुढ्यात 'विद्यार्थी' म्हणून बसलेत ते बाकीचे उमेदवारच. कोर्स डायरेक्टरने त्यातल्या दोघांना पाण्याखाली लिहायच्या पाटीवर लिहून आधीच काहीतरी सांगून ठेवलंय, आणि या पोराला ते माहीत नाही. पहिला विद्यार्थी मास्कवर तळवा दाबतो पण नाकातून हवा सोडतच नाही. पोरगा ते ओळखतो, बोटाने नाक दाखवतो, पुन्हा करून दाखवतो. छान. तेवढ्यात डावीकडचा तिसरा विद्यार्थी हळूच तळ सोडून वर तरंगायला लागलेला असतो. पोराचं लक्ष जातं तेव्हा त्याचे फिन्स डोक्याच्या पातळीला आलेले. वर आल्यावर कोर्स डायरेक्टर मास्कबद्दल अवाक्षर काढत नाही. एवढंच विचारतो, "बाब, तुझा डावा हात कुठे होता?" तो तिसऱ्याच्या आवाक्यात हवा होता.

समुद्रातला आणखी एक धडा आहे, तो शिकवताना अनुभवी माणूसही सावध असतो. हवा संपली तर एका श्वासात वर कसं यायचं, याचा सराव. सहा ते नऊ मीटरवरून, बोयाला, म्हणजे वर तरंगणाऱ्या खुणेला, बांधलेल्या दोरीच्या कडेने. विद्यार्थ्याने रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा आणि वर येईपर्यंत अखंड 'आऽऽ' म्हणत राहायचं. तो आवाज चालू आहे म्हणजे हवा बाहेर पडते आहे, म्हणजे फुप्फुसं सुरक्षित. इन्स्ट्रक्टरचा एक हात दोरीवर, दुसरा विद्यार्थ्याच्या जॅकेटवर, नजर त्याच्या ओठांपासल्या बुडबुड्यांवर. बुडबुडे थांबले की दोरी घट्ट धरून त्याला तिथेच रोखायचं. हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो, आणि दिवसाला चार विद्यार्थी असतील तर चारदा.

परीक्षेत पाच विषयांची थिअरी, प्रत्येकात 75 टक्के. पूलमध्ये आणि समुद्रात शिकवून दाखवणं. बेशुद्ध डायव्हरला पाण्यावर ओढत नेताना दर पाच सेकंदांनी एक श्वास द्यायचा, आणि मधल्या वेळात त्याची आणि स्वतःची सामग्री उतरवायची. खर्च सगळा मिळून लाखांत जातो.

'रापणकाराच्या पोराला कार्ड कशाला?'

हा आक्षेप खोटा नाही. गोव्यात, मालवणात, रापणीची जाळी ओढत पाण्यातच वाढलेली पोरं आहेत. वारा फिरला, पाणी 'ओढायला' लागलं हे त्यांना अंगाला कळतं, आणि शहरातून आलेल्या शंभर डायव्हच्या इन्स्ट्रक्टरला कळत नाही. खरं सांगायचं तर शंभर डायव्ह हा आकडा फार मोठा नाहीच. सहा-आठ महिन्यांत सगळ्या पायऱ्या चढून इन्स्ट्रक्टर झालेला माणूस आणि दहा वर्षं बोटीवर काढलेला माणूस, यांत वादळात मी दुसऱ्याचं ऐकेन.

पण समुद्राची जाण वेगळी आणि घाबरलेल्या पाहुण्याची जाण वेगळी. पाण्याला न भिणाऱ्याला भीती ओळखता येईलच असं नाही. डोळे विस्फारलेत, श्वास उथळ आणि भराभर चाललाय, हात सारखा मास्ककडे जातोय. ही चिन्हं वाचायला आणि झेप घेण्याआधी त्या माणसाचा हात धरायला शिकावं लागतं. म्हणून उत्तम सेंटरमध्ये ही दोन्ही माणसं एका बोटीवर दिसतात, आणि किनाऱ्यावरची पोरं स्वतः इन्स्ट्रक्टर झाली तर त्याहून चांगलं काय? सरकारच्या बाजूने करंझाळेला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबा केंद्र आहे. अडचण फीची आणि इंग्रजी पुस्तकांची आहे. वादळाआधी किनारा गाठणारा पोरगा 'पार्शल प्रेशर'च्या, म्हणजे मिश्रणातल्या एकेका वायूच्या दाबाच्या, प्रश्नावर अडतो, हे मला खटकतं.

'गोव्याचं पाणी गढूळ. शिकायचं तर अंदमानला जावं'

पाहायला जायचं तर जरूर जावं. ग्रँड आयलंड झुआरीच्या मुखाबाहेर आहे. नदीचा गाळ, भरती-ओहोटी, बोटींची वर्दळ. चांगल्या दिवशी आठ-दहा मीटरवरचं दिसतं, वाईट दिवशी आपलाच हात अंधुक. काही सेंटरवाले खोल आणि स्वच्छ पाण्यासाठी विद्यार्थ्यांना कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला नेतात. पण गढूळ पाण्यातही पाहण्यासारखं असतं: दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी इथल्याच सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले, तोफा आणि हस्तिदंत वर काढले.

आणि शिकवायला शिकण्यासाठी हे पाणी चांगलंच आहे. गढूळ दिवशी विद्यार्थी चार मीटर लांब गेला की दिसेनासा होतो, म्हणून तो दोन मीटरच्या आत ठेवायची सवय लागते. ज्याने इथे चौघांना सांभाळलं, त्याला निळ्या पाण्यात जड जात नाही.

काउंटरवर काय विचारायचं?

आधी, 'पाण्यात माझ्याबरोबर येणारा इन्स्ट्रक्टर आहे की डायव्हमास्टर?' कार्ड पाहायला मागावं. त्यावर नंबर असतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. इन्स्ट्रक्टरला दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा जुनं कार्ड दाखवून भागत नाही. मग, 'एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण?' डीएसडीला समुद्रात चारच्या वर नकोत. चांगली माणसं दोघांवर थांबतात.

'खाली नेण्याआधी कंबरभर पाण्यात काही करून घेणार का?' रेग्युलेटर तोंडातून काढून परत लावणं, मास्कमधलं पाणी काढणं, कान मोकळे करणं, इतकं तरी व्हायला हवं. सरळ बोटीवरून पाठीवर सिलिंडर बांधून ढकलत असतील, आणि खाली मागून सिलिंडरची मान धरून सामानासारखं फिरवत असतील, तर तुम्ही फोटोचे पैसे दिलेत.

'बोटीवर ऑक्सिजन आहे का?' इथे मात्र खरा ऑक्सिजन. डीकम्प्रेशन सिकनेसचा संशय आला तर पहिला उपचार तोच. आणि जवळचं रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची बंद खोली, कुठे आहे, हे त्यांना न अडखळता सांगता आलं पाहिजे.

तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहून मोकळं व्हायला कुणी सांगितलं, तर पैसे परत मागावेत. 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते, त्यात एक दिवस जातो, एवढंच. आदल्या रात्री फेणी घेतली असेल तर तेही सांगावं. इन्स्ट्रक्टर हसेल, आणि दुपारची वेळ देईल किंवा दुसऱ्या दिवशीची.